मामंजींचा अनंत हलवायचा का?

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

साताऱ्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घर बैठं, पूर्वेला अंगण आणि फाटक. घराच्या दक्षिण बाजूच्या बोळात, देवघराच्या खिडकीशी अनंताचं झाड आहे. १६ वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी ते लावलं. सासरे आता नाहीत. झाड सात फुटांचं, बुंधा मनगटाएवढा. उन्हाळा लागला की घरभर वास दरवळायचा. गेली दोन वर्षं मात्र फुलं बोटांवर मोजण्याइतकी येतात. पानं पिवळी पडतात, कळ्या धरतात आणि उमलायच्या आधीच गळतात. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेला चार मजली इमारत झाली, तिनं ऊन अडवलं, असं ताईंना वाटतं. त्यातच यजमान दसऱ्याला गाडी घेणार आहेत आणि ती त्याच बोळात उभी करायची आहे. माळी म्हणतो, "अडीच हजार द्या, याच महिन्यात पुढच्या अंगणात लावून देतो. जूनमध्ये मी पेरणीला गावी जाणार." सासूबाई म्हणतात, "फुलतं झाड हलवू नये," आणि त्यापुढे काही बोलत नाहीत. ताईंचा प्रश्न: "हलवलं तर जगेल का? आणि नाही हलवलं तर तिथं मरणारच आहे ना?"

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळी गोम तिथंच आहे. "तिथं मरणारच आहे ना?" असं विचारताना तुम्ही निकाल देऊन मोकळ्या झाला आहात, माझ्याकडून फक्त सही हवी आहे. ती मी करत नाही. झाड आजारी आहे हे तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दिसतंच. पण ते जागेमुळे आजारी आहे, हे ठरायचं आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मधल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय, "नळाला दिवसाआड पाणी, म्हणून दोन वर्षांपूर्वी बोअर घेतलं, आता बागेच्या पाण्याची चिंता नाही." पुढे, "जुने माळीमामा थकले, आताचा माळी संक्रांत झाली की सगळी झाडं छान गोल कापून देतो." म्हणजे त्याच दोन वर्षांत तुमच्याकडे तीन गोष्टी झाल्या: शेजारची इमारत, बोअरचं पाणी आणि नव्या माळ्याची कात्री. दोष एकट्या इमारतीच्या वाट्याला आला, कारण ती चाळीस फूट उंच आहे आणि खिडकीतून रोज दिसते.

तिच्या बाजूनं थोडं बोलते. साताऱ्यात मे महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या इमारतीची सावली भर दुपारी तुमच्या अनंतावर पडूच शकत नाही. डिसेंबरात मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशच वर चढतो आणि चाळीस फुटी इमारतीची सावली भर बाराला पस्तीस फूट लांब पडते. तुमचा बोळ आणि मधली भिंत धरून अंतर पंधरा-वीस फूट असेल, म्हणजे थंडीत तुमचं झाड पूर्ण सावलीत. अनंताला कळ्या धरतात त्या रात्री गार असतानाच्या दिवसांत, तेव्हा इमारत अगदीच निर्दोष नाही. पण तिच्यामुळे पानं पिवळी पडणार नाहीत. सावलीतल्या झाडाची पानं उलट मोठी आणि गडद होतात, फांद्या उजेडाकडे लांबतात. तुमच्या फोटोत तसं काही नाही.

आता त्या फोटोतल्या पानाकडे या. खरं तर फोटोकडे नको, बोळात जाऊन शेंड्याचं एक कोवळं पान तोडा आणि उजेडासमोर धरा. सगळ्या शिरा हिरव्या, अगदी बारीक शिरासुद्धा, आणि मधली जागा लिंबासारखी पिवळी, अशी जाळी दिसते का? मग आता खालचं एक जुनं पान बघा. ते हिरवं आहे? असेल तर हा लोहाच्या कमतरतेचा आजार आहे. लोह झाडात एकदा पानाला मिळालं की तिथून हलत नाही, त्यामुळे ते कमी पडतं तेव्हा नवी पानं उपाशी राहतात आणि जुनी बरी दिसतात. (याच्या उलट, फक्त खालची जुनी पानं अख्खीच्या अख्खी पिवळी होऊन गळत असतील तर फार घाबरायचं कारण नाही. सदाहरित झाडंही पानं टाकतात, एकदम नाही टाकत इतकंच. सगळं झाडच फिकट वाटलं तर नत्र कमी आहे, शेणखत घाला.)

तुमच्या मातीत लोह नाही असं बहुधा नसेल. आपल्याकडच्या जमिनीत ते भरपूर असतं. पण अनंत मूळचा चीन-जपानकडचा, त्याला किंचित आंबट माती लागते. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) साडेपाच-सहाच्या आसपास असला की तो खूश. बोअरचं पाणी जड असतं, त्यात चुना विरघळलेला असतो. दोन वर्षं रोज असं पाणी घातलं की मुळांभोवतीची माती हळूहळू खारट, अल्कधर्मी (आंबटाच्या उलट) होत जाते आणि लोह समोर असूनही मुळांना उचलता येत नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत आळ्याच्या कडेला पांढरी रेघ दिसते. ती राख आहे का, हे मला फोटोवरून कळलं नाही. राख असेल तर ताबडतोब बंद करा, राखेनं माती आणखी अल्कधर्मी होते. मोसंबी-लिंबाच्या बागा असणाऱ्यांना हे दुखणं पाठ असतं. फुलझाडांच्या बाबतीत मात्र आपण लगेच दृष्ट लागली, सावली आली, जागा मानवली नाही, इथवर जातो.

आणि हे पाणी झाडाबरोबर फाटकाशीही येणारच आहे, ताई. तुम्ही अनंत पूर्वेच्या उन्हात नेलात, चार माणसं लावून नेलात, आणि तिथं पाइप त्याच बोअरचा लावलात, तर दोन वर्षांनी मला हेच पत्र पुन्हा लिहाल. फरक एवढाच की तेव्हा झाडाची निम्मीअधिक मुळं गेलेली असतील.

कात्रीचं थोडक्यात सांगते. अनंत छाटायचा तो बहर सरल्यावर, म्हणजे जुलै-ऑगस्टात. संक्रांतीनंतर छाटला तर येणाऱ्या बहराचे शेंडेच जातात. तुमचा माळी चांगल्या मनानं दर वर्षी तुमची फुलं कापून नेतोय. गोल आकार मेंदीच्या कुंपणाला शोभतो. अनंताला नाही.

राहिली कळ्यांची गळ. हाताला लागतील अशा टपोऱ्या, हिरव्या पिळाच्या कळ्या एका सकाळी खाली पडलेल्या दिसतात, तेव्हा जीव हळहळतो. हे बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमितपणानं होतं. तीन दिवस विसरलं, चौथ्या दिवशी पाइप सोडून फोन घ्यायला आत गेलं. मी नाव घेत नाही, पण असं घर मला माहीत आहे. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, तो रस शोषतो आणि त्यानंही कळ्या गळतात. ओल्या फडक्यानं पुसून काढा आणि निंबोळी अर्क फवारा.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की या वर्षी अनंत हलवू नका. हा पावसाळा जाऊ द्या. हे मी हळवेपणानं सांगत नाही. पावसाळा ही या झाडाची फुकटातली तपासणी आहे. पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात चुना नाही. तीन महिने ते आळ्यातून झिरपलं की साठलेले क्षार खाली वाहून जातात. ऑगस्ट-सप्टेंबरात फुटलेली नवी पालवी हिरवीगार आली तर गुन्हेगार पाणी होतं हे सिद्ध झालं, आणि मग झाड हलवण्याचं अर्धं कारण संपलं. तेव्हाही पालवी पिवळीच आली, तर मातीतच चुनखडी आहे किंवा मुळांना काही झालंय. तसं असलं तर जागा बदलण्याचा विचार अधिक खरा ठरतो. इमारत झाल्यावर भिंतीशी राडारोडा, प्लास्टरची खरड, सिमेंटचं पाणी पडलं होतं का, तेही आठवून बघा. अशा ठिकाणी एक फूट खणलं तरी पांढरे खडे लागतात.

तोवर बोअरचं पाणी अनंताला बंद. नळाचं पाणी दिवसाआड येतं ना? अनंतालाही दिवसाआडच पुरतं, दोन बादल्या राखून ठेवा. पावसात पागोळ्यांखाली पिंप लावा, साताऱ्यात त्याला काय तोटा. बुंध्यापासून वीतभर सोडून वाळक्या पाल्याचं जाड आच्छादन घाला. लोहासाठी कृषी सेवा केंद्रात 'चिलेटेड लोह' मागा. त्यात 'ईडीडीएचए' लिहिलेलं पाकीट चुनखडीच्या मातीतही काम करतं, साधं 'ईडीटीए' तिथं लवकर निकामी होतं. प्रमाण पाकिटावरचंच घ्या, अंदाजानं दुप्पट नको. लगेच फरक हवा असेल तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी नवी पानं हिरवी होऊ लागली तर निदान बरोबर. हे फरशीवर सांडू देऊ नका, गंजासारखा डाग पडतो आणि तो जात नाही. माझ्या ओसरीवर आहे एक, सात वर्षांचा झाला.

"पण मेमध्ये हलवलं तर काय होतं?" असं माळी विचारेल. त्याला विचारा की हा मुहूर्त झाडाचा आहे की तुमच्या पेरणीचा. त्याची अडचण खरी आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, पण अनंताला पेरणी नाही. मेमध्ये त्याच्या अंगावर कळ्या-फुलं असतात, उन्हानं पानांतून पाणी भराभर उडत असतं, आणि त्याच वेळी आपण त्याची पाणी ओढणारी मुळं तोडतो. झाड मुळांनी पितं, पण जाड मुळांनी नाही. केसासारख्या बारीक मुळांनी पितं, आणि ती बहुतेक सगळी आपण उचलतो त्या मातीच्या गोळ्याच्या बाहेर, जमिनीतच राहून जातात.

गोळ्याचा हिशेबही एकदा करून बघा. बुंध्याच्या जाडीच्या दहा ते बारा पट व्यासाचा मातीचा गोळा मुळांसकट निघायला हवा. तुमचा बुंधा दोन इंची, म्हणजे गोळा दोन फूट रुंद आणि सव्वा फूट खोल. ओल्या मातीचा असा गोळा सव्वाशे किलोच्या खाली जात नाही. बोळातून तो वळवून पुढे न्यायचा म्हणजे चार माणसं, एक फळी किंवा ताडपत्री आणि गोणपाट-सुतळी लागते. अडीच हजारांत एक माणूस कुदळ घेऊन येतो. तो फूटभर गोळा काढतो, माती रस्त्यात गळते आणि शेवटी हातात उघडी मुळं राहतात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. भाड्याचं घर सोडताना मी एकदा कामिनीचं बारा वर्षांचं झाड उचललं होतं. एप्रिल होता, घरमालकांनी दिलेली मुदत संपत आली होती. काळी माती सुकून भेगाळलेली, टिकाव मारला की ढेपा उडत होत्या. गोळा टेम्पोत चढवला तेव्हा शाबूत होता. नव्या दारात उतरवताना गोणपाटातून भुसभुस आवाज आला आणि अर्धी माती माझ्या पायांवर पडली. लावली, पाणी घातलं, सावली केली. पंधरा दिवस ती हिरवी दिसली, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले की जगली. मग पानं झाडावरच वाळली, गळलीसुद्धा नाहीत. जिवंत फांदी पानं टाकते, मेलेल्या फांदीवर ती तशीच लटकून राहतात, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर रोज नखानं साल खरवडून बघायचे. खाली हिरवं दिसलं की आशा. एक दिवस खालीसुद्धा तपकिरी लागलं.

तेव्हा मला घाई होती, दुसरा इलाज नव्हता. तुम्हाला आहे.

आता घरातल्या दोन माणसांकडे वळते, कारण हा प्रश्न निम्मा झाडाचा आणि निम्मा माणसांचा आहे. यजमानांना आधी टेप देऊन बोळात पाठवा. आपल्याकडच्या लहान गाड्या चार मीटरच्या आत असतात, म्हणजे तेरा फूट. बोळ किती लांब आहे आणि अनंत त्याच्या कुठल्या टोकाला आहे, ते पत्रात नाही. झाड शेवटच्या टोकाला असेल तर गाडी त्याच्या अलीकडे उभी राहू शकते. मध्ये असेल तर राहणार नाही. दार उघडायला दोन-अडीच फूट लागतात, तेही धरा. गाडी दसऱ्याला आली तरी पहिला पावसाळा-हिवाळा ती फाटकाशी उभी राहिली म्हणून बिघडत नाही. अनंताला मात्र एका चुकीच्या मेमध्ये सगळं बिघडवता येतं. त्यांना हेही सांगून ठेवा की अनंताच्या पाकळ्या आणि माव्याचा चिकट रस गाडीच्या टपावर पडतो. कदाचित ते स्वतःच दुसरी जागा शोधतील.

सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलंय, "आईंची जुनी समजूत आहे." असेल. पण मला त्यांच्या वाक्यात समजुतीपेक्षा अनुभव जास्त दिसतो. फुलतं झाड हलवू नये हे बागेचं तंत्र म्हणूनही तंतोतंत बरोबर आहे. बहरातलं झाड हलवायचं नाही, हे कुठलाही जाणता माळी सांगेल. आणि त्या पुढे काही बोलत नाहीत, यात मला दुसरंही काही वाटतं. झाड देवघराच्या खिडकीशी आहे. १६ वर्षं त्या खिडकीतून हात घालून किंवा परडी घेऊन बोळात जाऊन त्यांनी फुलं काढली असतील. आज काढलेलं पांढरंशुभ्र फूल दुसऱ्या दिवशी देवासमोर पिवळसर झालेलं त्यांनीच उचललं असेल. फाटकाशी नेल्यावर फुलं जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाताला लागतील. पहाटे फुलं चोरणारे फिरायला येतातच, त्यांच्या पिशव्या साताऱ्यातही असणार. सासूबाईंना एकदा विचारा, "आई, झाड कुठं असलं तर तुम्हाला बरं वाटेल?" हलवायचं की नाही, हे विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी देऊन झालंय.

आणि काहीही ठरलं तरी एक काम येत्या जूनमध्ये कराच: गुट्या बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून घ्या. हे झाड जाईल का राहील या भीतीवर यासारखं औषध नाही. पहिला पाऊस बरा झाला की पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. शेंड्यापासून हातभर खाली, एका डोळ्याच्या जरा खाली, इंचभर रुंदीची साल गोल काढा. आतला बुळबुळीत थर सुरीच्या पाठीनं खरवडून टाका, नाहीतर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. नर्सरीत मिळणारं मॉस (वाळलेलं शेवाळ) भिजवून, पिळून मूठभर त्याभोवती दाबा आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट बांधा. सहा ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. ती तपकिरी होऊन दाट झाली की खालून कापून कुंडीत लावा आणि महिनाभर सावलीत ठेवा. चार-पाच गुट्या बांधा, दोन फसल्या तरी चालतं. खालची एखादी फांदी जमिनीला टेकत असेल तर दाब कलम, म्हणजे ती तशीच मातीत दाबून मुळं फोडणं, आणखी सोपं.

गुटीतून आलेलं रोप बीचं नसतं. ते तेच झाड असतं, मामंजींनी लावलेलंच. एक फाटकाशी लावा, तिथं पूर्वेचं ऊन आहेच. एक पुण्याला मुलाकडे बाल्कनीत जाऊ दे. नणंद असेल तर तिलाही द्या, हे झाड तिच्या वडिलांचं आहे आणि पत्रात तिचा उल्लेख नाही. फाटकाशी नवं रोप रुजलं, फुललं, तर जुनं तिथं न्यायची गरजच राहणार नाही. नव्या रोपाला दोन-तीन वर्षांत चांगली फुलं येतात. हलवलेलं जुनं झाडही पुन्हा मनासारखं फुलायला जवळजवळ तेवढाच वेळ घेतं, जगलं तर.

तरीही हलवावंच लागलं, गाडी अडली किंवा पाऊस सरूनही पालवी पिवळीच आली, तर पुढच्या जूनसाठी तयारी या सप्टेंबरात सुरू करा. बुंध्यापासून दहा इंचांवर अर्धवर्तुळ आखा आणि तेवढ्याच भागात फूटभर खोल चर खणून मुळं धारदार कुदळीनं साफ तोडा. ठेचू नका. चर पोयटा (गाळाची माती) आणि कुजलेल्या शेणखतानं भरा. उरलेलं अर्धं वर्तुळ फेब्रुवारीत. तोडलेल्या टोकांना बारीक मुळांचे झुपके फुटतात आणि तेच झाडाबरोबर जातात. मग जूनच्या शेवटी, तीन-चार चांगले पाऊस झाल्यावर आणि मातीला वाफसा आल्यावर (ओल आहे, पण चिखल नाही), चराच्या दोन इंच बाहेरून गोळा काढा. आधी एक चतुर्थांश फांद्या विरळ करा, कळ्या असतील त्या खुडा. नवा खड्डा आदल्या दिवशीच तयार हवा, गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच. झाड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवायचं. बुंधा मातीत पुरला की कुजतो. मी फांदीला उत्तरेकडे लाल दोरा बांधते आणि नव्या जागी त्याच दिशेला लावते. याचा किती उपयोग होतो सांगता येणार नाही, पण माझी सवय आहे. वर दोन महिने शेडनेट, तीन बाजूंनी काठ्यांचा आधार, खत अजिबात नाही. आणि त्या वर्षी फुलांची वाट बघू नका.

शहर हद्दीत झाडं तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अनंत हलवायला काही लागतं का, ते पालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारून ठेवा. एक चक्कर पडेल, पण नंतर कोणी बोट दाखवायला नको.

या महिन्यात अशीच आणखी तीन पत्रं आली, त्यांनाही इथंच उत्तर देते. ज्यांची जास्वंद भिंत पाडताना मध्ये येते आहे त्यांनी ती हलवण्यात जीव घालू नये. पावसाळ्यात वीतभर फाटे लावले की वर्षभरात नवी उभी राहते. तगर आणि कण्हेर सोशिक आहेत, गोळा नीट निघाला तर सहसा दगा देत नाहीत. देवचाफा तर फांदी तोडून आठवडाभर सावलीत सुकवून लावला तरी येतो. सोनचाफ्याचं मात्र नावही काढू नका. मोठा झालेला सोनचाफा मुळं दुखावली की रुसतो आणि सहसा परत येत नाही. ज्यांचं घर पुनर्विकासाला जाणार आहे त्यांना "थांबा" म्हणायला मला जागाच नाही. त्यांनी करार होतानाच, वर्षभर आधी, गुट्या-फाटे करून घ्यावेत, आणि जुनं झाड हलवणं हा त्यावरचा जुगार समजावा. जगलं तर उत्तम.

तर ताई, माळ्याला या महिन्याचे अडीच हजार देऊ नका. त्याला पाचशे द्या, आणि गावी जायच्या आधी मॉस आणून ठेवायला सांगा. गुटी त्याला येत नसेल तर तुम्हीच बांधा, सोपं आहे. शेंड्याचं पान उजेडासमोर धरून काढलेला फोटो आता एक आणि सप्टेंबरात एक, असे दोन मला पाठवा. आणि आई काय म्हणाल्या, तेही कळवा.